सातव्या नावाचा तांब्या

एका पत्राचं उत्तर मी अठ्ठावीस वर्षं दिलं नाही. साधं निळं आंतरदेशीय पत्र होतं, मिरजेहून आलेलं. त्यातल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच कळवायचं होतं. जन्म पुस्तकांत काढलेल्या माणसाला चार ओळी लिहायला अडचण पडू नये. पण त्या पत्रापुढे जितक्या वेळा बसलो, तितक्या वेळा पहिल्या ओळीनंतर पेन खाली ठेवलं. ‘सप्रेम नमस्कार, आपले पत्र पोचले’ एवढंच लिहिलेले कागद अजून माझ्या खणात आहेत.

सव्वीस जानेवारी त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, सोमवारी आली होती. शनिवार, रविवार आणि सोमवार अशी सलग सुट्टी. मुंबईकर शुक्रवारीच एसटी भरभरून गावी उतरले होते. शनिवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर सात-आठ निवृत्त फौजी मांडी घालून बसले होते आणि चिंचेचा कोळ लावून आपापली मेडलं घासत होते. मी आत, टेबलाशी.

“मास्तर,” सुभेदार साळुंखे बाहेरून ओरडले, “यंदा घसा शेकून ठेवा. गेल्या साली तुमचा आवाज दुसऱ्या रांगेच्या म्होरं गेला न्हाई.”

“पुस्तकातली माणसं बारीकच बोलत्यात,” कुणीतरी म्हणालं, आणि ओटाभर हसू पसरलं.

मला गावात पुस्तकमास्तर म्हणत. मी काही मास्तर नव्हतो, ग्रंथपाल होतो. वाईकडून चोविसाव्या वर्षी कातळवाडीत आलो आणि इथलाच झालो. निदान मला तसं वाटत होतं. साताऱ्याच्या पूर्वेला डोंगराला टेकून असलेलं हे गाव. घरटी एक माणूस फौजेत. वेशीजवळ एक काळा चिरा उभा आहे आणि त्यावर लढाईत गेलेल्या दहाजणांची नावं पांढऱ्या रंगाने लिहिलेली असत. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळं गाव त्या चिऱ्यापाशी जमे आणि हजेरी घेतली जाई. एक एक नाव मोठ्याने वाचायचं. ज्या घरचं नाव, त्या घरचं माणूस पुढे होऊन ‘हजर’ म्हणे आणि घरून आणलेलं तांब्याभर पाणी चिऱ्यावर ओते. मरताना तोंडात घरचं पाणी पडलं नाही, ते आता घाला, असा त्याचा अर्थ. ओतायला नेलेलं पाणी परत घरात आणायचं नाही, एवढा एकच कडक नियम. बाकी ना भटजी, ना हार, ना भाषण.

पूर्वी हजेरी एक म्हातारे हवालदार घेत. त्यांची नजर गेली तेव्हा यादी माझ्या हातात आली. दुसऱ्या कुणी मागितली नाही म्हणून आली असेल. गर्दीसमोर उभं राहणं मी टाळत असे, पण ही यादी वाचायला मला आवडे. पासष्ट साली मीही भरतीला गेलो होतो. छाती दीड इंच कमी भरली. हे मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी मुंबईकर मंडळाने नवा ग्रॅनाइटचा दगड द्यायचं ठरवलं होतं. साताऱ्याच्या कारागिराला मंगळवारी नावं द्यायची होती. दगडात कोरायचं म्हणजे चूक नको, म्हणून मी कुणालाही न विचारता, दिवाळीनंतर दहाही नावं फौजेच्या रेकॉर्ड कचेरीला कळवली आणि नंबर, हुद्दा, तारीख पडताळून मागितली. डिसेंबरात उत्तर आलं. नऊ नावांपुढे सगळा तपशील होता. सातव्या नावापुढे एक ओळ: या नावाचा, या गावचा कुणीही मृत सैनिक नोंदीत आढळत नाही.

सातवं नाव होतं शिपाई महिपती राऊ काळंगे. पासष्टच्या लढाईत गेलेला. त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणायची ती हौसाबाई, त्याची बायको. तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. मूल नाही, सासूसासरे गेलेले, एकटी. वर्षभर कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण सव्वीस जानेवारीला तिचा ‘हजर’ बापयांपेक्षा खणखणीत असे.

ते उत्तर मी महिनाभर खिशात घेऊन हिंडलो. कचेरीत चूक होऊ शकते, हे मला कळत होतं. पण एकदा संशय आला की जुन्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. गावात ज्यांना वाचता येत नव्हतं, त्या सगळ्यांची पत्रं मी वाचून दाखवायचो. हौसाबाईंची पत्रं तेवढी सुभेदार वाचायचे. का? दर वर्षी सव्वीस तारीख झाली की ती दोन दिवस मिरजेला जायची. दवाखान्याला, असं म्हणायची. मिरजेला दवाखाने खूप, कुणाला वावगं वाटत नसे. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

आणि त्या शनिवारी, फौजी बाहेर मेडलं घाशीत असताना, पोस्टमन रमजानभाई मुलाणी माझ्या टेबलावर टपाल निवडत बसले. पोस्ट शेजारच्याच खोलीत होतं, पण टेबल मोठं माझं. एक आंतरदेशीय घसरून माझ्यापुढे आलं. वर हौसाबाईंचा पत्ता. मी ते उलटं केलं. पाठवणाऱ्याच्या जागी नीट, गोल अक्षरात लिहिलं होतं: म. रा. काळंगे, मिरज.

माझा हात तिथेच थांबला.

“रमजानभाई, हे पत्र कुणाचं?”

“हौसाकाकूचं. द्या इकडं.”

“मिरजेला कोण आहे त्यांचं?”

रमजानभाईंनी पत्र माझ्या बोटांतून काढून घेतलं, पिशवीत न टाकता सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून पाहिलं. “मास्तर, पोस्टमन पत्ता वाचतो. पाठवणाऱ्याचं नाव वाचायचं काम त्याचं न्हाई.”

“पण नाव—”

“तुमचं बी न्हाई.”

बाहेर ओट्यावरचं हसणं थांबलं होतं. मी दाराकडे पाहिलं. सुभेदार हातातलं मेडल तसंच धरून आत बघत होते. मी बघतोय असं दिसताच त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा घासायला लागले, जरा जास्तच जोरात.

आता मला दोन कागद मिळाले होते. एक म्हणत होता, महिपती काळंगे लढाईत मेलेलाच नाही. दुसरा म्हणत होता, तो मिरजेत आहे आणि बायकोला पत्र लिहितो. पळून आलेला शिपाई, त्याला लपवणारी बायको आणि तोंड मिटून बसलेलं सगळं गाव. वाचलेल्या पुस्तकांतून मला असली माणसं नवी नव्हती.

रविवारी दुपारी माजी सैनिकांची पंगत असे. हौसाबाई भाकऱ्या थापायला येई. त्या दिवशी मला ती वाण्याच्या दुकानात दिसली. वाणी तिला कागदात काही बांधून देत होता. कागद फाटका होता. आत धोतर होतं, लाल काठाचं.

“काय मास्तर,” तिने मला विचारलं, “जेवाया येणार न्हवं? का वाचूनच पोट भरतंय?”

“येणार,” मी म्हणालो. मग धीर करून विचारलं, “मिरजेला कधी निघताय?”

“मंगळवारी. नेहमीसारखी.”

“कुठला दवाखाना?”

“डोळ्याचा.”

“तुम्हाला चष्मा तर नाही.”

“अवो, चष्मा असता तर दवाखान्यात कशाला गेली असती?” ती हसली आणि वाणीही हसला. पण पुडकं तिने पदराखाली घेतलं.

“आणि हे धोतर?” हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी असं कुणाला कधी विचारत नाही. माझ्याच आवाजाने मी दचकलो.

ती हसायची थांबली. “मास्तर,” ती हळू म्हणाली, “तुमी एवढं कवापासनं बघाया लागला?”

पंगतीत मी जेवलो की नाही ते आठवत नाही. माझ्या समोर नऊ घरं बसली होती, ज्यांची माणसं खरोखर गेली होती. आठव्या नावाचा बाप, यशवंता मोकाशी, सत्तर वर्षांचा, पानात वाढलेली बुंदी खाली ठेवून म्हणत होता, “माझ्या पांडूला लई आवडायची.” त्याच्या पांडूच्या वर, त्याच दगडात, पळालेल्या माणसाचं नाव कोरायचं? ते मी दिलेल्या यादीवरून? मला वाटलं, मी नाही बोललो तर कुणीच बोलणार नाही. आयुष्यात एकदा तरी माझ्या वाचण्याचा गावाला उपयोग होईल. आज मी हे लिहितो तेव्हा त्यात त्या दीड इंचाचा किती भाग होता, ते मला नीट सांगता येत नाही.

सोमवारी झेंडा वर गेला. पोरांचं राष्ट्रगीत झालं. सगळे वेशीकडे चालू लागले. फेटे बांधलेले फौजी पुढे, छातीवर चिंचेने उजळलेली मेडलं, त्यांच्या मागे दहा घरं, दहा तांबे. मी चिऱ्याच्या उजव्या अंगाला उभा राहिलो आणि यादी उघडली.

“नाईक बापू सखाराम जगदाळे.”

“हजर.” पाणी चिऱ्यावरून खाली आलं.

दुसरं, तिसरं. माझा आवाज त्या दिवशी चांगला लागला होता. चौथं, पाचवं, सहावं. हौसाबाई पुढे सरली. लुगड्याचा पदर खोचलेला, तांब्यावर हात. आपलं नाव येणार म्हणून तिने श्वास घेतलेला मला दिसला.

मी वाचलं, “शिपाई पांडुरंग यशवंता मोकाशी.”

आठवं नाव.

मोकाशी आपल्या जागी उभा होता. त्याचा तांब्या त्याच्या हातात होता आणि तो पुढे येत नव्हता. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा वाचलं. “शिपाई पांडुरंग यशवंता मोकाशी.”

म्हातारा जमिनीकडे बघत राहिला. आपल्याच पोराच्या नावाला त्याने ‘हजर’ म्हटलं नाही.

“मास्तर,” सुभेदार सावकाश म्हणाले, “पान चिकटलंय का बगा जरा.”

मला वाट काढून द्यायला ते बोलले होते, हे मला तेव्हाही कळलं. पान चिकटलं होतं म्हणायचं आणि सातवं नाव वाचायचं. पण दोनशे माणसं बघत होती, आणि लाजाळू माणूस एकदा पुढे गेला की त्याला मागे फिरता येत नाही.

“ते नाव,” मी म्हणालो, “पडताळायचं आहे.”

हौसाबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. आपण या माणसाला बरीच वर्षं चुकीचं ओळखत होतो, असं जणू तिच्या आत्ता लक्षात आलं. ती चिऱ्यापाशी गेली नाही. सरळ माझ्यापाशी आली आणि भरलेला तांब्या माझ्या पायांशी ठेवला.

“हे पाणी मला घरात न्हेता येत न्हाई,” ती म्हणाली. “तुमी ठेवा. तुमचं पडताळून झालं, की वता.”

आणि ती गर्दीतून निघून गेली. तिच्या वाटेतून सगळे बाजूला झाले. फेटेवाल्यांनी तिला सॅल्यूट केला. नाव न वाचलेल्या माणसाच्या बायकोला.

उरलेली नावं मी कशी वाचली ते मला ठाऊक नाही. मोकाशी शेवटी पुढे आला. ‘हजर’ त्याने दगडाकडे बघत म्हटलं.

दुपारी सुभेदार वाचनालयात आले. फेटा काढून टेबलावर ठेवला. तांब्या मी खिडकीत ठेवला होता, त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“काय पडताळलं, दावा.”

मी कचेरीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. आंतरदेशीयावर वाचलेलं नाव सांगितलं. मिरज, धोतर, दवाखाना, सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, आता यांचा चेहरा पडेल.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं.

“ह्ये तुमी कुणाला इचारून लिवलं?”

“कुणाला नाही. दगडात चूक नको म्हणून.”

“चूक.” ते खुर्चीत मागे टेकले. “मी त्या लढाईत व्हतो, मास्तर. महिपतीच्या जागेपासनं पन्नास पावलांवर. त्याला उचलायला मी गेलतो. आनि तुमी मला कागद दावता.”

“मग नोंदीत नाव का नाही?”

त्यांनी फेटा उचलला.

“ते तुमाला सांगू? उद्या तुमी दुसरं पत्र लिवाल कुनाला तरी. आनि त्या बाईचं घर उठंल.” दारातून ते वळले. “गावात ह्ये शंभर माणसांना ठावं हाय. तेहतीस वर्सं कुनी बोललं न्हाई. तुमी आमच्यातलं, म्हनून यादी दिली तुमच्या हातात.”

कारागिराला द्यायची यादी टेबलावर होती, सातवं नाव गाळून लिहिलेली. त्यांनी माझं पेन घेऊन सहा आणि आठच्या मध्ये सातवं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं आणि यादी खिशात घालून गेले. ग्रॅनाइटवर दहा नावं कोरली गेली. आजही आहेत.

तरीही माझा संशय गेला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. सुभेदार त्यात सामील आहेत, एवढंच मला त्यातून दिसलं. पळालेल्या सोबत्याला झाकणारे फौजी मी वाचले होते. हजेरीनंतर बाराव्या दिवशी रमजानभाईंनी माझ्या टेबलावर एक आंतरदेशीय ठेवलं. या वेळी वरचा पत्ता माझा होता. मागे, तेच गोल अक्षर: म. रा. काळंगे, मिरज.

हे ते पत्र. इतक्या वेळा वाचलंय की घड्यांवरची अक्षरं गेली आहेत. ती मी आठवणीने भरतो.

‘श्री. ग्रंथपाल यांसी, नमस्कार. वहिनी मंगळवारी येऊन गेली. तुम्ही दादाचे नाव वाचले नाही असे ती म्हणाली. तुमचा दोष नाही. तुम्ही कागद पाहिलात आणि कागदावर तो नाहीच.

माझे नाव सदाशिव. महिपती माझा थोरला भाऊ. त्रेसष्ट साली भरती निघाली तेव्हा वडिलांनी मला जायला सांगितले, कारण शाळेचा दाखला माझ्याकडेच होता. मी सातवी झालेला. दादा शाळेत गेला नाही. भरतीच्या दिवशी मी उसात लपून बसलो. मला भीती वाटली. दादाने मला शोधून काढले, मारले नाही. माझ्या पेटीतला दाखला घेतला आणि म्हणाला, तू गुरे सोड, मी जाऊन येतो. तो माझ्या नावाने भरती झाला. फौजेत तो सदाशिव राऊ काळंगे. गावातल्या फौजींना माहीत होते, पण ते त्याला फौजेत सदाशिव म्हणत आणि सुट्टीवर आला की महिपती.

पासष्टला तार आली. घरात वाचता येणारा मी एकटाच. मीच ती सगळ्यांना वाचून दाखवली. सदाशिव राऊ काळंगे लढाईत कामी आला.

पुढे साहेब लोक घरी भेटायला येणार म्हणून कळले. मेलेला माणूस गुरे सोडताना कसा दिसणार? मला त्याच रात्री मिरजेला पाठवले. तेव्हापासून मी येथे हळदीच्या पेठेत आहे, दादाच्या नावाने. त्याचे नाव कुणीतरी चालवायला पाहिजे असे मला वाटले. वहिनीला पेन्शन आहे ती सदाशिवची विधवा म्हणून. हे बाहेर कळले तर तिचे काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून सुभेदार तुम्हाला बोलले नसतील.

दगडावर तेवढे दादाचे खरे नाव आहे. जगात त्या एकाच ठिकाणी आहे. गावाने ते तसे लिहिले, आणि वर्षातून एकदा कुणीतरी ते मोठ्याने म्हणते, म्हणून वहिनी जगली. ती येऊन मला सांगते, यंदा कोणत्या आवाजात वाचले. तुमचा आवाज बारीक आहे पण नाव नीट घेता, असे म्हणत असे.

आता ती दगडापाशी येणार नाही म्हणते. मी तिला समजावले नाही, मला तोंड नाही. मात्र एक विचारतो. मी त्या दगडासमोर कधी उभा राहिलो नाही. एकदा येऊन दादाला पाणी घालावे असे फार आहे. मी आलो तर तुम्ही महिपतीचे नाव वाचाल का, आणि मी हजर म्हटले तर चालेल का? ज्याच्या जागी दुसरा गेला त्याने हजर म्हणावे का, हे मला समजत नाही. तुम्ही वाचलेले आहात. हो किंवा नाही एवढे कळवा. आपला, म. रा. काळंगे.’

मी ते वाचून खिडकीतल्या तांब्याकडे पाहिलं. पाणी बोटभर आटलं होतं.

मी हौसाबाईंकडे गेलो. दार उघडं होतं, ती सूप घेऊन बसली होती. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

“काकू, माझं पडताळून झालं.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पाखडत राहिली.

“पुढच्या वर्षी—”

“मास्तर, तुमी वाचा. वाचा की. मी आता न्हाई म्हननार. मला आता पर्त्येक वेळंला वाटंल, ह्ये नाव घेतील का न्हाई. तसलं ‘हजर’ म्हनायचं न्हाई मला.”

त्यानंतर दर वर्षी मी सातवं नाव वाचलं, सगळ्यांत मोठ्याने. मग थांबलो. कुणी ‘हजर’ म्हटलं नाही. सुभेदार होते तोवर ते फक्त ताठ उभे राहत. आणि मी तो तांब्या, तिचाच, दर साली नव्याने तिच्या आडावर भरून आणलेला, चिऱ्यावर ओतत असे. ती मला आडावर बघे, भरू देई, बोलत नसे.

पत्राचं उत्तर मात्र दिलं नाही. स्वतःला सांगितलं, लिहिलेला कागद कुणाच्या हाती लागला तर? पोस्टमन पाठवणाऱ्याचं नाव वाचत नाहीत, पण माझ्यासारखे वाचतात. कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं. खरं म्हणजे ‘हो’ म्हणायला मी कोण, हे मला सुटत नव्हतं. एका माणसाने मला वाचलेला म्हणून विचारलं होतं, आणि मी काय वाचतो ते त्याला कळून चुकलेलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात हौसाबाई गेल्या. दहाव्याला नदीवर बरीच माणसं होती. वरच्या अंगाला, बाभळीखाली, एक म्हातारा एकटा उभा होता. लाल काठाचं धोतर. घाटावर पिंड ठेवलं होतं आणि कावळा शिवत नव्हता. लोक एकेक करून काही कबूल करत होते, शेतीचं बघू, गुरांचं बघू. कावळा फांदीवरच. शेवटी तो म्हातारा चार पावलं पुढे आला, कुणाला ऐकू जाणार नाही असं काही पुटपुटला आणि परत बाभळीखाली गेला. कावळा खाली उतरला. त्याने काय कबूल केलं ते मला ऐकू आलं नाही. मला ते माहीत होतं. त्याला ते पुरं करता येत नव्हतं, माझ्या एका उत्तरावाचून.

मी त्याच्याकडे निघालो. ऐंशीच्या घरातले पाय माझे, वाळूत रुतत होते. मी पोचेपर्यंत तो रस्त्याला लागून एसटीत चढला होता.

या वर्षी सव्वीस जानेवारी पुन्हा सोमवारी आली आहे. शनिवार, रविवार, सोमवार. ग्रॅनाइट धुवायला पोरं शनिवारी येतील, मेडलं घासणारे आता तिघेच उरले. पेन्शन बाईबरोबर संपली. आता माझ्यापाशी कोणतंही कारण उरलं नाही.

आज सकाळी शेजारच्या पोस्टात गेलो. खिडकीत एक मुलगी असते, रमजानभाईंची नात.

“एक आंतरदेशीय दे.”

“आजोबा, फोन करा की. पत्र पोचंपर्यंत चार दिवस.”

“फोन नंबर माहीत नाही. आणि अठ्ठावीस वर्षं झाली, अजून चार चालतील.”

ती हसली, तिला गंमत वाटली. मी तिथेच, खिडकीच्या फळीवर, उभ्याने लिहिलं. बसलो असतो तर पुन्हा पहिल्या ओळीशी थांबलो असतो.

‘श्री. सदाशिव राऊ काळंगे यांसी, सप्रेम नमस्कार. आपले पत्र पोचले. हो. सव्वीसला, सोमवारी सकाळी आठला झेंडा आहे, त्यानंतर हजेरी. नाव मी वाचतो. तांब्या माझ्याकडे आहे, वहिनींचा. पाणी मात्र घरच्याच आडाचे लागते, ते तुम्ही भरा. लवकर या.’

पत्ता लिहिताना वर काय नाव घालायचं, यावर थोडा थांबलो. मिरजेचा पोस्टमन त्यांना ज्या नावाने ओळखतो तेच घातलं. मागे पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव, पूर्ण, वाचता येईल असं लिहिलं. मग बाहेर येऊन लाल पेटीत सोडलं. आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात फटीतच ठेवला होता.